‘जीवसृष्टी सापडली?’ हे शीर्षक लावण्याआधी: मराठी वृत्तसंपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि संकेतस्थळांच्या वृत्तसंपादकांस,

स. न. वि. वि.

एप्रिल २०३० मध्ये नासाचे ‘युरोपा क्लिपर’ गुरूपाशी पोहोचेल आणि जुलै २०३१ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’. तेव्हापासून गुरू-शनीच्या बर्फाळ चंद्रांच्या बातम्यांचा ओघ सुरू होईल. ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली?’ हे शीर्षक, प्रश्नचिन्हासकट, तुमच्या डेस्कवर तोवर तयारच असेल. म्हणून एक गोष्ट आजच टिपून ठेवा: ही दोन्ही याने जीव शोधायला निघालेली नाहीत. तसे या मोहिमांनी स्वतःच सांगितले आहे, फक्त ते वाक्य बातमीत सहसा कापले जाते.

क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघाले. ते गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राच्या जवळून ४९ वेळा जाईल, सर्वात जवळची फेरी पृष्ठभागापासून २५ किलोमीटरवरून. बर्फाची जाडी, खालच्या पाण्याचा खारेपणा, पृष्ठभागावरची रसायने हे त्याचे काम. घर राहण्याजोगे आहे का एवढे ते पाहणार, आत कोणी राहते का ते नाही. युरोपाभोवती ते घिरट्याही घालणार नाही. तिथल्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे साडेपाच सिव्हर्ट इतके प्रारण पडते, आणि एवढी मात्रा एका दमात मिळाली तर माणूस उपचारांविना वाचणे कठीण. यानाचे इलेक्ट्रॉनिक्स जाड धातूच्या पेटीत ठेवले असले तरी तेही फार काळ तग धरणार नाही. म्हणून यान गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल, युरोपाजवळ झटकन येईल, मोजमाप करील आणि बाहेर पडेल. ‘क्लिपर युरोपावर उतरणार’ असे कुणी लिहून दिले, तर ती प्रत तिथल्या तिथे परत करा.

या चंद्रांबद्दलचा उत्साह मात्र खोटा नाही. शनीचा एन्सेलाडस घ्या. व्यास जेमतेम ५०४ किलोमीटर. २००५ मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांमधून वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले. पुढे त्याच्या डोलण्याच्या मापावरून कळले की वरचे बर्फ तळाच्या खडकाला चिकटलेले नाही, मधे सगळीकडे पाणी आहे. हे पाणी खारट आहे. त्यातून आलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवरून २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला की समुद्राच्या तळाशी कुठेतरी पाणी ९० अंश सेल्सियसच्या वर तापत असावे. २०२३ मध्ये फॉस्फेटही सापडले. त्या समुद्रातले त्याचे प्रमाण पृथ्वीवरच्या सागरांच्या किमान शंभरपट असल्याचा अंदाज आहे. पाणी, ऊब, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस: यादी बरीच भरली आहे. पण सामानाची यादी भरली म्हणून तिथे जीव आहे असे होत नाही, आणि नेमकी इथेच बातमी घसरते.

हायड्रोजनचे प्रकरण आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण एकाच मापाचे किती अर्थ निघू शकतात हे त्यातून दिसते.

कॅसिनीवर वायूंचे रेणू वस्तुमानानुसार वेगळे करणारे मास स्पेक्ट्रोमीटर होते. नमुना एका छोट्या टायटॅनियमच्या कक्षात शिरायचा, तिथे वेग गमवायचा आणि मग मोजला जायचा. अडचण अशी की बर्फाचे कण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने टायटॅनियमवर आदळले की धातूचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये दिसलेला हायड्रोजन एन्सेलाडसचा किती आणि उपकरणाच्या भिंतीचा किती, हे सांगता येईना. तो निकाल बाजूला ठेवला गेला. २८ ऑक्टोबर २०१५ च्या फेरीत यान पृष्ठभागापासून ४९ किलोमीटरवरून, सेकंदाला साडेआठ किलोमीटर वेगाने फवाऱ्यातून गेले, तेव्हा उपकरण दुसऱ्या पद्धतीने चालवले. रेणू भिंतींना न टेकता सरळ आत यावेत अशी ती पद्धत. उरलेली शंका आकडेमोडीने दूर करून २०१७ मध्ये जाहीर झाले की फवाऱ्यात ०.४ ते १.४ टक्के हायड्रोजन आहे.

याचा अर्थ काय? पृथ्वीवर समुद्रतळाशी काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात आणि त्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर जगतात. एन्सेलाडसच्या फवाऱ्यात हे तिन्ही वायू आहेत. बहुतेक बातम्या इथे थांबल्या. पण हाच आकडा उलटाही वाचता येतो: अन्न एवढे शिल्लक पडलेले असेल, तर ते खाणारे कुणी नाही, किंवा फारच थोडे आहेत. शिवाय गरम पाणी विशिष्ट खडकांमधून गेले की जीवाविना हायड्रोजन तयार होतोच. २०२१ मध्ये एका गटाने गणिती प्रतिमाने वापरून तपासले की फवाऱ्यातला मिथेन केवळ या खडक-पाणी प्रक्रियेतून निघू शकतो का. उत्तर आले की ज्ञात वेगाने तरी एवढा निघणे कठीण. तरी त्यांनी ‘सूक्ष्मजीव आहेत’ असे लिहिले नाही. एकतर मिथेन बनवणारे जीव, नाहीतर अजून न ओळखलेली रासायनिक वाट, कदाचित चंद्र घडतानाच साठलेला मिथेन, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा अर्धा भाग छापला नाही तर बातमी चुकीची ठरते, मग पहिल्या भागातला शब्द न् शब्द खरा का असेना.

कार्बनी रेणूंचेही तसेच. ‘जीवनाचे घटक सापडले’ हे शीर्षक दर वर्षी एकदा तरी येते. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांत प्रथिनांमधल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले सापडल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि बेन्नूवर जीव आहे असे कुणी म्हणत नाही. निर्जीव रसायनशास्त्र ही आम्ले बनवते, मुबलक बनवते. ‘अमिनो आम्ल आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या प्रमाणात आहे’ हा प्रश्न कामाचा. निर्जीव प्रक्रियेत ग्लायसिन हे सर्वात साधे आम्ल भरपूर असते आणि गुंतागुंतीची आम्ले झपाट्याने कमी होत जातात, सजीवांत हे प्रमाण बदलते. निर्जीव प्रक्रियेत डाव्या आणि उजव्या घडणीचे (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे) रेणू साधारण सारखे निघतात. बेन्नूवरचे तसेच निघाले. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावे वापरतात. चरबीच्या आम्लांत सजीव दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढवतात, म्हणून सम संख्येच्या साखळ्या जास्त दिसतात. असा एखादा नमुना दिसला तर कान टवकारा. नुसते ‘कार्बनी संयुगे’ असेल तर आतले पान पुरे.

मग कॅसिनीनेच हे का तपासले नाही? कारण ते बांधले तेव्हा फवारे माहीतच नव्हते. त्याचे वायू मोजणारे उपकरण ९९ अणुवस्तुमान एककांपर्यंतचेच वस्तुमान पाहू शकत होते, त्याहून जड रेणू त्याच्या नजरेबाहेर. धूलिकण मोजणाऱ्या उपकरणात जड रेणूंचे तुकडे आले, पण कोणत्या मोठ्या रेणूचे ते तुकडे, हे ओळखण्याइतकी त्याची नजर तीक्ष्ण नव्हती.

इथे वेग फार महत्त्वाचा. बर्फाचा कण उपकरणावर हळू आदळला तर रेणू मोकळे होत नाहीत, फार जोरात आदळला तर त्यांचा चुरा होतो. सेकंदाला चार ते सहा किलोमीटरचा टप्पा सर्वात सोयीचा मानला जातो. २०२३ मधल्या प्रयोगात बर्फातली अमिनो आम्ले सेकंदाला सुमारे ४.२ किलोमीटरच्या आघातापर्यंत शाबूत राहिली. क्लिपर युरोपाजवळून साधारण साडेचार किलोमीटर वेगाने जाईल, त्यामुळे त्याच्या धूलिकण-मापकाला बरी संधी आहे. मार्च २०२४ मध्ये जर्मन-अमेरिकी गटाने प्रयोगशाळेत दाखवले की बर्फाच्या एकाच कणात जिवाणूच्या पेशीचा शंभरावा भाग असला तरी तशा उपकरणाला तो ओळखता येईल.

बातमी ऐकून हुरळण्याआधी एक हिशेब करा. १५ मायक्रोमीटर व्यासाचा बर्फकण म्हणजे सुमारे १.८ अब्जांश मिलिलिटर पाणी. अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स सरोवरात, ८०० मीटर बर्फाखाली, एका मिलिलिटरमध्ये सुमारे १ लाख ३० हजार पेशी मिळाल्या. एन्सेलाडसचा समुद्र तेवढाच दाट वस्तीचा धरला तरी सरासरी चार हजारांहून अधिक कणांमागे एका कणात पेशी असेल. मिलिलिटरला शंभरच पेशी असल्या तर पन्नास लाखांहून अधिक कण तपासावे लागतील. बुडबुड्यांबरोबर पेशी पृष्ठभागावर गोळा होत असतील तर हिशेब थोडा सुधारतो. म्हणून ‘युरोपा निर्जीव निघाला’ ही बातमीही तितकीच संशयाने वाचा. किती कण तपासले, हे विचारल्याशिवाय ‘सापडले नाही’ या वाक्याला किंमत नाही.

युरोपाबद्दल तर माहिती आणखी कमी आहे. समुद्राचा सर्वात भक्कम पुरावा चुंबकीय आहे. गुरूचे चुंबकीय क्षेत्र युरोपाभोवती सतत दिशा बदलते आणि त्याबरोबर युरोपाचे स्वतःचे दुय्यम क्षेत्रही उलटते. गॅलिलिओ यानाने जानेवारी २००० च्या फेरीत हे मोजले. असे व्हायला बर्फाखाली वीज वाहणारा थर हवा, आणि खारे पाणी हा त्याचा सर्वात सोपा अर्थ. फवाऱ्यांचे मात्र तळ्यात-मळ्यात चालू आहे. हबल दुर्बिणीला २०१२ च्या अखेरीस खूण दिसली, नंतरच्या निरीक्षणांत ती खात्रीने पुन्हा दिसली नाही. हवाईतल्या केक दुर्बिणीने १७ रात्री पाहिले, पाण्याची वाफ एकाच रात्री मिळाली. ‘युरोपावर कारंजी’ असे विधान करायचे तर ‘असावीत’ शिवाय करू नका.

युरोपाच्या ऑक्सिजनची बातमी तर अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. मार्च २०२४ मध्ये गुरूभोवती फिरणाऱ्या ज्युनो यानाच्या मोजमापांवरून कळले की युरोपाच्या बर्फातून सेकंदाला सुमारे १२ किलो ऑक्सिजन तयार होतो. दिवसाचे हजार टन. दहा लाख माणसांना दिवसभर पुरेल एवढा, असे प्रसिद्धिपत्रकात होते आणि जगभर तेच शीर्षक झाले. वास्तविक आधीच्या काही प्रतिमानांत हा आकडा सेकंदाला हजार किलोपर्यंत गेला होता. नवा आकडा त्याच्या तुलनेत किरकोळ. वरचा ऑक्सिजन बर्फातून झिरपत समुद्रात उतरत असेल आणि तिथल्या जीवांना ऊर्जा देत असेल, ही आशा त्याने कमी केली. जीवाच्या शक्यतेला धक्का देणारा निकाल जीवाच्या बाजूचा म्हणून छापला गेला, तोही एका आकर्षक तुलनेपायी. ज्युनोच्याच २०२२ च्या फेरीवरून आता असा अंदाज निघाला आहे की पाहिलेल्या भागात बर्फाचे थंड, टणक कवच सुमारे २९ किलोमीटर जाड आहे. वरचे खाली पोहोचणे त्यामुळे आणखी अवघड होते.

आणखी एक सापळा. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपावरच्या कार्बन डायऑक्साइडबद्दल दोन स्वतंत्र गटांचे निबंध एकत्र आले. तो बहुधा खालच्या समुद्रातून आला असावा, असे दोघांचेही म्हणणे. ‘दोन गटांचा दुजोरा’ म्हणणे मोहाचे होते, पण दोघांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची तीच निरीक्षणे वापरली होती. स्वतंत्र गट आणि स्वतंत्र पुरावा यांतला फरक तुमच्या न्यायालयीन वार्ताहराला नीट कळतो, विज्ञानाच्या पानावरही तो लागू करा.

आता भेसळीबद्दल. जिथे जीव असेल असे वाटते तिथे आपणच तो नेऊन ठेवण्याचा धोका असतो. युरोपासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा अशी की एका मोहिमेमुळे तिथला समुद्र दूषित होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी हवी. म्हणूनच गॅलिलिओ २००३ मध्ये गुरूवर आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीवर नष्ट केले गेले. पृथ्वीवरही हे साधणे सोपे नाही. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक सरोवरापर्यंत रशियन चमू २०१२ मध्ये पोहोचला, ३,७६९ मीटर खोल, पण छिद्र उघडे राहावे म्हणून त्यात केरोसीनचे मिश्रण भरले होते. पुढच्या वर्षी ‘अज्ञात जिवाणू’ जाहीर झाला आणि लगेचच तो त्या द्रवातली भेसळ असल्याची शंका त्यांच्यातल्याच लोकांनी घेतली. व्हिलन्सला गरम पाण्याने छिद्र पाडले, तेही पाणी आधी गाळून, अतिनील किरणांखालून नेऊन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड देऊन. म्हणून तिथला आकडा टिकला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली: निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत, द्रव निऑनने गोठवून. हैदराबाद आणि पुणे इथल्या प्रयोगशाळांनी नमुने तपासले. तीन नव्या जिवाणू प्रजाती मिळाल्या, एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. २००९ मध्ये इस्रोने निकाल जाहीर करताना लिहिले की एवढ्याने हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे ठरत नाही. नारळीकरांना स्वतःला या कल्पनेत रस होता, तरी निकालाची ओळ कुणी ताणली नाही. बातमी लिहिताना तेवढी शिस्त पुरे.

नासातल्या शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी संभाव्य खूण दिसणे. मग भेसळ नाही याची खात्री, तशा परिस्थितीत जीव ती खूण निर्माण करू शकतो याचा पुरावा, सगळी ज्ञात निर्जीव कारणे बाद होणे, दुसरी स्वतंत्र खूण, पर्यायी स्पष्टीकरणे नव्या निरीक्षणांनी खोडली जाणे, आणि शेवटी जीवाच्या वागण्याचे आधी वर्तवलेले भाकीत खरे ठरणे. पृथ्वीबाहेरच्या जीवाचा कोणताही दावा आजवर वरच्या पायऱ्यांच्या जवळपासही गेलेला नाही. एन्सेलाडसच्या हायड्रोजनसाठी भेसळीचीच पायरी चढायला वेगळी फेरी लागली, हे वर पाहिलेच. बातमीत एक ओळ घाला: हा दावा कितव्या पायरीवर आहे. वार्ताहराला सांगता येत नसेल, तर बातमी एक दिवस थांबली तरी बिघडत नाही. बर्फाळ चंद्र कुठे जात नाहीत.

फोन कुणाला करावा? खगोलशास्त्रज्ञाला कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. इथले प्रश्न सूक्ष्मजीवांचे आणि भूरसायनाचे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम चालते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेसह त्यांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या उष्णजल उद्गमाचे (समुद्रतळातून गरम पाणी बाहेर पडते त्या जागेचे) छायाचित्र घेतल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. एन्सेलाडसच्या तळाशी जे असावे असा कयास आहे, त्याच्या जवळचे ते दृश्य. अशा माणसाला दोनच गोष्टी विचारा: ही खूण जीवाविना कशी निर्माण होऊ शकते, आणि ती पुन्हा मोजली गेली आहे का.

चित्रांबाबत थोडक्यात. बर्फाला भेग, खाली निळा समुद्र आणि वर गुरू, हे चित्र चित्रकाराचे असते, ओळीत ‘कल्पनाचित्र’ लिहा. एन्सेलाडसच्या निळसर भेगा आणि युरोपाच्या लालभडक रेषा रंग वाढवलेल्या असतात, तेही लिहा. बर्फाखाली माशासारखे काही दाखवणाऱ्या चित्रफिती वापरूच नका.

आणि वेळापत्रक वाचकाला खरे सांगा. एन्सेलाडसवर उतरून नमुने तपासायची मोहीम युरोपीय अवकाश संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये पहिल्या पसंतीची ठरवली. उड्डाण २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोहोचणे २०५० च्या दशकात. दक्षिण ध्रुवावर वर्षानुवर्षे रात्र असते, तिथे पुरेसा उजेड येण्याची वेळही त्यात धरलेली आहे. आज तुमच्या विज्ञान पुरवणीला पत्र लिहिणारी आठवीतली मुलगी तेव्हा चाळिशीत असेल.

शेवटची मागणी दुरुस्तीची. मोठ्या अक्षरांत छापलेला दावा पुढे मागे घेतला गेला, तर ती बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत यावी. संकेतस्थळांवर जुनी बातमी तशीच राहते आणि शोधात तीच वर येते, म्हणून तिच्या माथ्यावर तारखेसह टीप जोडावी. शंका असेल तेव्हा मजकूर छापण्याआधी तपासून द्यायला आम्ही तयार आहोत, विनामूल्य आणि नावाचा उल्लेख न करताही चालेल.

आपले,
खगोलशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि महासागर विज्ञान शिकवणारे व अभ्यासणारे काही मराठी वाचक